डोळ्यांनीं ऐकणें

बोलणें कानांनीं ऐकावें व रूप डोळ्यांनीं पाहावें, हा व्यवहार इतका उघड आहे कीं त्याविषयीं शंका घेणें आपणांस विचित्र वाटेल. परंतु इंग्लंडांतील सरे विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनल्ड यांनीं १९७६ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यानें या समजुतीस चांगलाच धक्का दिला.

एका तरुणीच्या बोलत्या चित्रावर त्यांनीं निराळा ध्वनि बसविला. ओठ 'ग' म्हणत, आवाज मात्र 'ब'चा होता. पाहणाऱ्या प्रौढांपैकीं शेंकडा ९८ जणांस तिसरेंच अक्षर ऐकूं आलें, तें म्हणजे 'द'! डोळे मिटतांच 'ब' स्वच्छ ऐकूं येई.

असें कां व्हावें? लहानपणीं कंटाळत पाठ केलेली वर्णमाला येथें उपयोगी पडते. 'ब' ओष्ठ्य, ओठ मिटल्यावांचून त्याचा उच्चार होत नाहीं. 'ग' कंठ्य, 'द' दंत्य. तिन्ही अक्षरें आपापल्या वर्गांतील तिसरीं. भेद काय तो स्थानाचा. कान म्हणतो 'ब', पण ओठ तर मिटलेच नाहींत अशी डोळ्यांची साक्ष. तेव्हां दोघांचेंही मन राखील असें मधल्या स्थानाचें अक्षर मेंदू निवडतो. मौज अशी कीं, हें रहस्य कळल्यावरही भ्रम जात नाहीं.

१९७० सालीं अमेरिकेंत रिचर्ड वॉरेन यांनीं एका वाक्यांतील एक ध्वनि कापून तेथें खोकल्याचा आवाज घातला होता. वीस श्रोत्यांपैकीं एकोणीस जणांनीं कांहींच गळलें नाहीं असें सांगितलें. अर्थावरून मनानेंच ती उणीव भरून काढली होती.

२०१८ सालीं तर अमेरिकेंतील एका हायस्कूलच्या विद्यार्थिनीस शब्दकोशांतील 'लॉरेल' हा उच्चार 'यॅनी' असा ऐकूं आला, आणि त्यावरून जगभर दोन तट पडले. वरच्या पट्टीचे स्वर ज्यास ठळक वाटत त्यास 'यॅनी', खालचे वाटत त्यास 'लॉरेल'. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते.

या विषयाकडे मी वळलों तो आमच्या आजीमुळें. तिला कमी ऐकूं येतें. २०२० च्या साथींत घरांत आम्ही मुखपट्ट्या बांधून वावरूं लागलों, आणि तिला एकाएकीं कांहींच समजेनासें झालें. ती मुद्दाम दुर्लक्ष करते असें वाटून मी एकदां तिच्यावर रागावलोंही. तिच्या कानांत कांहींच फरक पडला नव्हता. आम्हींच आमचे ओठ तिच्यापासून झांकून ठेवले होते. आतां मी उजेडाकडे तोंड करून तिच्याशीं बोलतों, आणि तेंच वाक्य दोनदां म्हणण्याची पाळी क्वचितच येते.