ध्रुवीय शैवाकांची ओळख आणि वर्गीकरण

गोडा मसाल्यातील दगडफूल महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. दिल्लीच्या खारी बावलीतील मसाल्याच्या बाजारात हाच पदार्थ ‘पत्थर का फूल’ किंवा ‘छडीला’ या नावाने विकला जातो. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे, आणि तो एकच जीवही नव्हे. व्यापारात दगडफूल म्हणून जे मिळते त्यात अनेकदा दोन-तीन निरनिराळ्या जाती मिसळलेल्या असतात. मसाल्यात अशी सरमिसळ झाली तर फारसे बिघडत नाही. परंतु दगडफुलाच्या याच कुळातील, म्हणजे शैवाक वर्गातील जीव अंटार्क्टिकाच्या उघड्या खडकांवर वाढतात आणि तेथे एका जातीला दुसरी समजण्याची चूक महाग पडते. कारण तेथील पर्यावरणात होणारा बदल मोजण्याची एक मोजपट्टीच या जीवांच्या अचूक नावांवर आधारलेली आहे.

शैवाक म्हणजे काय?

कवक (बुरशी) आणि शैवल यांच्या सहजीवनातून तयार होणारी रचना म्हणजे शैवाक होय. काही शैवाकांत शैवलाऐवजी नील-हरित जीवाणू असतात. कवक निवारा, पाणी व क्षार पुरवते. शैवल प्रकाशसंश्लेषणाद्वारे अन्न तयार करते. शैवाक हा दुहेरी जीव आहे, हा सिद्धान्त स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्या वेळी त्याला कडाडून विरोध झाला. आज तो सर्वमान्य आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार काही शैवाकांच्या बाह्यस्तरात यीस्ट गटातील आणखी एक कवक आढळले. त्यामुळे सहजीवनाचे हे चित्र पूर्वी वाटले होते त्याहून अधिक गुंतागुंतीचे ठरले आहे.

अंटार्क्टिकात सपुष्प वनस्पतींच्या मूळ जाती केवळ दोन आहेत, तर शैवाकांच्या जाती सुमारे चारशे आहेत. शैवाकाला मुळे नसतात. हवेतील बाष्प आणि वितळणाऱ्या हिमाचे पाणी ते संपूर्ण पृष्ठभागाने शोषून घेते. पाणी नसेल तेव्हा ते कोरडे होऊन सुप्तावस्थेत जाते आणि ओलावा मिळताच पुन्हा कार्यरत होते. अंबिलिकेरिया एप्रिना या अंटार्क्टिक जातीत उणे १७ अंश सेल्सिअस तापमानातही प्रकाशसंश्लेषण चालू असल्याचे मोजमापांतून आढळले आहे.

दिल्ली ते शिर्माकर

भारताच्या ध्रुवीय संशोधनाची सूत्रे राजधानीतून हलतात. १९८१ मध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकात पोहोचली. आज हे काम नवी दिल्लीच्या लोधी रोडवरील पृथ्वी भवनात असलेल्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे. मोहिमांची प्रत्यक्ष आखणी गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा ध्रुवीय अभ्यास विभाग राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील फरीदाबाद येथे आहे.

भारताचे ‘मैत्री’ हे केंद्र शिर्माकर या हिमविरहित खडकाळ पट्ट्यात आहे. सुमारे पस्तीस चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात अनेक तळी आहेत आणि त्याच्या कडेला दक्षिण गंगोत्री हिमनदीचे मुख आहे. हे मुख हळूहळू मागे सरकत असल्याची नोंद भूवैज्ञानिकांनी दीर्घकाळच्या मोजणीतून केली आहे. बर्फ मागे सरकला की खडक उघडा पडतो आणि त्या नव्या खडकावर वस्ती करणाऱ्या आरंभीच्या जीवांत शैवाके असतात. म्हणजेच, जेथे भूवैज्ञानिकाची मोजणी थांबते तेथून शैवाकतज्ज्ञाची नोंद सुरू होते.

या नोंदीचे काम प्रामुख्याने लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि गोव्यातील केंद्राने केले आहे. मारिया ओलेख आणि शिव मोहन सिंग यांचा शिर्माकर परिसरातील शैवाकांवरील ग्रंथ २०१० मध्ये नवी दिल्लीहून प्रकाशित झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही शैवाक अभ्यासाची जुनी परंपरा आहे. भारतीय शैवाकांच्या ओळखीसाठी लखनौ विद्यापीठातील प्रा. धरणीधर अवस्थी यांनी तयार केलेल्या निर्धारण-सूची आजही पायाभूत मानल्या जातात.

ओळख पटविण्याच्या पायऱ्या

शैवाकाची जात केवळ छायाचित्रावरून सांगता येईलच असे नाही. ओळख ठरावीक क्रमाने पटवावी लागते.

१. वाढीचे रूप : खडकाला खपलीसारखी घट्ट चिकटलेली ती कवची शैवाके, पानासारखी पसरलेली ती पर्णिल आणि झुडपासारखी उभी वा लोंबती ती क्षुपिल. शिर्माकर परिसरातील ब्युएलिया फ्रिजिडा ही राखी-काळसर जाती कवची आहे. अंबिलिकेरिया डेकुसाटा पर्णिल असून मध्यभागी एकाच देठासारख्या बिंदूने खडकाला धरून असते व तिच्या पृष्ठभागावर जाळीसारख्या उंचवट्यांच्या रेषा दिसतात. उस्निया अंटार्क्टिका क्षुपिल आहे. तिची फांदी हलकेच ताणली असता बाहेरची साल तुटते आणि आतील चिवट दोरा उघडा पडतो. उस्निया प्रजातीची ही ठळक खूण आहे.

२. सूक्ष्म रचना : बीजुके तयार करणाऱ्या पेल्यासारख्या चकत्या आहेत का, पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी आहे की सूक्ष्म बोंडे, हे भिंगातून पाहतात. नंतर चकतीचा पातळ छेद घेऊन एका धानीत किती बीजुके आहेत, त्यांचा आकार व रंग कसा आहे, त्यांत पडदे किती आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

३. रासायनिक चाचण्या : शैवाके विशिष्ट आम्ले व रंगद्रव्ये तयार करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड (के चाचणी), विरंजक द्रावण (सी चाचणी) आणि पॅराफिनिलिन डायअमाइन (पी चाचणी) यांचा थेंब टाकून रंगबदल पाहिला जातो. अधिक खात्रीसाठी पातळ थर वर्णलेखन ही पद्धत वापरली जाते.

४. जनुकीय पडताळणी : बाह्यरूप फसवे असेल तेथे डीएनएचा आधार घेतात. कवकांच्या ओळखीसाठी आयटीएस हा डीएनए-भाग प्रमाण ‘बारकोड’ म्हणून २०१२ मध्ये सुचविण्यात आला.

या पायऱ्यांची गरज एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. अंटार्क्टिकाच्या खडकांवर पिवळ्या-नारिंगी रंगाचे ठिपके दुरून सारखेच दिसतात. त्यांपैकी झँथोरिया एलेगन्स या जातीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच जांभळट लाल रंग उमटतो आणि तिची बीजुके दोन टोकांना कप्पे व मध्ये अरुंद नलिका अशा घडणीची असतात. प्लिओप्सिडियम क्लोरोफॅनम ही लिंबासारखी पिवळी जाती मात्र या चाचणीला तसा प्रतिसाद देत नाही आणि तिच्या एकेका धानीत शंभराहून अधिक बारीक बीजुके असतात. रंग जवळचा, पण कुळे निराळी.

वर्गीकरणातील स्थान

शैवाके हा वर्गीकरणातील स्वतंत्र नैसर्गिक गट नाही. ती एक जीवनपद्धती आहे. उत्क्रांतीच्या ओघात कवकांच्या वेगवेगळ्या शाखांनी ती स्वतंत्रपणे स्वीकारली. आंतरराष्ट्रीय नामकरण नियमांनुसार शैवाकाला दिलेले नाव त्यातील कवकाचे नाव मानले जाते. शैवलाला त्याचे स्वतंत्र नाव असते. बहुतांश शैवाकांतील कवक धानीकवकांच्या संघात मोडते. त्यामुळे शैवाकांना वनस्पतिसृष्टीत न ठेवता कवकसृष्टीत स्थान दिले जाते.

कायद्याची व्याख्या मात्र निराळी आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणासाठी १९९१ मध्ये झालेल्या माद्रिद शिष्टाचाराच्या दुसऱ्या परिशिष्टात ‘स्थानिक वनस्पती’ या संज्ञेत शैवाके व कवके यांचाही समावेश आहे. विज्ञानात कवक, पण संरक्षणाच्या कायद्यात वनस्पती, हा फरक परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा.

नवीन संशोधनानुसार नावेही बदलतात. वर उल्लेखिलेली झँथोरिया एलेगन्स आता रुसाव्स्किया एलेगन्स या नावाने ओळखली जाते. जुन्या व नव्या नावांचा मेळ घातला नाही, तर एकच जाती दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो.

नाव चुकले तर?

एखाद्या परिसरात पूर्वी नसलेली जाती आढळली, तर त्याचे तीन अर्थ संभवतात : हवामान बदलल्याने ती तेथे पोहोचली, माणसाच्या बूट-सामानाबरोबर ती आली, किंवा ती आधीपासूनच होती पण मागील नोंदीत चुकीच्या नावाने लिहिली गेली. पहिला अर्थ हवामानशास्त्राचा, दुसरा मोहिमेच्या शिस्तीचा आणि तिसरा केवळ चुकीच्या नोंदीचा आहे. संग्रहालयात जपून ठेवलेला मूळ नमुना नसेल तर या तिन्हींत निवड करणे अशक्य होते. म्हणूनच नमुन्यासोबत ठिकाण, उंची, खडकाचा प्रकार व दिनांक यांची नोंद असलेली चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची असते.

परंतु येथेच एक पेच आहे. ओळख पटविण्यासाठी नमुना खरवडावा लागतो आणि ध्रुवीय शैवाके विलक्षण संथ गतीने वाढतात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत ब्युएलिया फ्रिजिडाची वाढ शतकात एक मिलिमीटरपेक्षाही कमी होऊ शकते. तळहाताएवढा नमुना काढणे म्हणजे कित्येक शतकांची वाढ एका क्षणात पुसणे होय. म्हणून नमुना लहान घेणे, वसाहतीची कड घेऊन गाभा राखणे आणि जुने नमुने पुन्हा तपासूनच नवे मागणे ही अभ्यासाची रीत ठरते.

कायदाही हेच सांगतो. भारत ऑगस्ट १९८३ मध्ये अंटार्क्टिक कराराचा सदस्य झाला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्याला सल्लागार सदस्याचा दर्जा मिळाला. भारताच्या पुढाकाराने दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या परिसराला २००५ मध्ये विशेष संरक्षित क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ अन्वये परवाना व्यवस्था लागू झाली. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्षपद पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांकडे आहे.

दिल्लीसाठी धडा

झँथोरिया एलेगन्सचे नमुने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर सुमारे दीड वर्ष ठेवल्यानंतरही जिवंत राहिले. मात्र अवकाश आणि ध्रुवीय थंडी सोसणाऱ्या या वर्गातील अनेक जाती शहराच्या दूषित हवेपुढे हार मानतात. पानांवर असते तसे मेणचट रक्षक आवरण शैवाकांना नसते. त्यामुळे हवेतील सल्फर डायऑक्साइड व जड धातू थेट त्यांच्या अंगात उतरतात. उत्तर भारतातील मैदानी शहरांत पिक्सिन कोकोज यांसारख्या मोजक्या सोशीक जातीच तग धरतात. म्हणूनच कोणती जाती आहे आणि कोणती नाहीशी झाली, यावरून हवेची प्रत अजमावता येते. हे तंत्र ‘जैवनिर्देशक’ म्हणून ओळखले जाते. त्याचाही पाया अचूक ओळख हाच आहे.

सारांश, शैवाकांचे वर्गीकरण म्हणजे नावांची घोकंपट्टी नव्हे. रूप, रचना, रसायन आणि जनुक या क्रमाने केलेले ते निरीक्षण आहे. ज्या खडकावर शतकाला मिलिमीटर वाढ होते, तेथे चुकीचे नाव दुरुस्त करण्यासाठी पुन्हा खरवडण्याची मुभा निसर्ग सहसा देत नाही.

सरावासाठी प्रश्न

१. शैवाकाचे शास्त्रीय नाव त्यातील कोणत्या घटकाला लागू होते? का?
२. कवची, पर्णिल व क्षुपिल शैवाकांचे प्रत्येकी एक ध्रुवीय उदाहरण द्या.
३. ‘अंटार्क्टिकातील जैवविविधतेचे संरक्षण अचूक वर्गीकरणाशिवाय शक्य नाही.’ माद्रिद शिष्टाचार व भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ यांच्या संदर्भात चर्चा करा.