छडी कोणी मागितली? : राज्यशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टेपन यांचा अभ्यासप्रवास



मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात गोंधळ वाढला की मुलांची एक मागणी ठरलेली असते, "बाई, मॉनिटरच्या हातात छडी द्या, सगळे गप्प बसतील!" आता छडी दिली तर वर्ग गप्प बसतोही. पण दोन दिवसांनी तीच मुलं तक्रार घेऊन येतात. मॉनिटर कोणाचं ऐकत नाही, आणि छडी काही परत द्यायला तयार नाही. तेव्हा मी एकच विचारते, "छडी मागितली कोणी होती?"

हाच प्रश्न एका अभ्यासकाने वर्गाला नाही, देशांना विचारला. त्यांचं नाव आल्फ्रेड स्टेपन. लोकशाही आणि लष्कर यांचं नातं काय असतं, ते कुठे बिघडतं आणि बिघडलेलं कसं सुधारता येतं, यावर त्यांनी जवळपास पन्नास वर्षं काम केलं. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव उपयोगी पडेलच, पण मतदान करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं म्हणणं एकदा तरी समजून घ्यावं असं मला वाटतं.

थोडक्यात ओळख

स्टेपन यांचा जन्म १९३६ साली अमेरिकेतील शिकागो येथे झाला. नोत्रे दाम विद्यापीठातून पदवी घेऊन ते पुढे ऑक्सफर्डला शिकले. त्यानंतर त्यांनी अमेरिकेच्या मरीन दलात अधिकारी म्हणून काम केलं. म्हणजे लष्कर त्यांनी आधी गणवेशातून पाहिलं, पुस्तकातून नंतर. मग ते 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचे बातमीदार झाले आणि या कामात त्यांचा लॅटिन अमेरिकेशी संबंध आला. पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९६९ साली डॉक्टरेट मिळवली.

ब्राझीलचं कोडं

३१ मार्च १९६४ रोजी ब्राझीलमध्ये लष्कराने उठाव केला आणि राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्ट यांना सत्तेवरून हटवलं. खरं तर तिथे लष्कराने राजकारणात हात घालणं नवीन नव्हतं. पण पूर्वी लष्कर यायचं, राष्ट्राध्यक्षाला बाजूला करायचं आणि सत्ता पुन्हा मुलकी लोकांकडे देऊन बराकीत परतायचं. या वेळी ते आलं आणि १९८५ पर्यंत, म्हणजे २१ वर्षं, राहिलं. असं का झालं? हाच स्टेपन यांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासाचा विषय. 'द मिलिटरी इन पॉलिटिक्स' हे त्यांचं पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. फक्त सेनापतींची भाषणं वाचून ते थांबले नाहीत. लष्करी अकादमीत येणारी मुलं कोणत्या घरातली, त्यांचे वडील काय करतात, याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आणि उठावांच्या आधी मोठ्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत काय लिहून येत होतं, तेही वाचून काढलं.

त्यातून एक गोष्ट दिसली. १९४५, १९५४ आणि १९६४ या तिन्ही वेळी लष्कराने राष्ट्राध्यक्षाला हटवलं किंवा हटण्यास भाग पाडलं. १९५४ मध्ये तर गेतुलिओ व्हार्गास यांनी राजीनाम्याच्या दबावाखाली स्वतःवर गोळी झाडून घेतली. या तिन्ही वेळी मुलकी पुढाऱ्यांचा आणि वर्तमानपत्रांचा मोठा गट लष्कराला "आता तुम्हीच काहीतरी करा" असं सांगत होता. उलट १९५५ आणि १९६१ मध्ये काही अधिकाऱ्यांना निवडून आलेल्या किंवा घटनेप्रमाणे येणाऱ्या नेत्याला रोखायचं होतं, पण बाहेरून तसा पाठिंबा मिळाला नाही. लष्करातच फूट पडली आणि बेत फसला.

म्हणजे काय? लष्कर दरवेळी दार तोडून आत येत नाही. पुष्कळदा आतूनच कोणीतरी कडी काढून देतं.

याला स्टेपन यांनी 'मध्यस्थ नमुना' म्हटलं. पुढारी एकमेकांशी भांडायचे आणि निवाड्यासाठी लष्कराकडे बघायचे. त्यात १९४६ च्या ब्राझीलच्या घटनेतच एक फट होती. लष्कराने राष्ट्राध्यक्षाची आज्ञा पाळावी, पण 'कायद्याच्या मर्यादेत', असं तिथे लिहिलेलं होतं. मग एखादी आज्ञा कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही हे ठरवणार कोण? लष्करच! दोन-तीन शब्दांची फट, पण तेवढी पुरली.

कडी काढणाऱ्यांचं काय झालं?

कार्लोस लासेर्दा हे ग्वानाबारा राज्याचे गव्हर्नर. १९६४ च्या उठावाचे ते जोरदार समर्थक होते. लष्कर घर साफ करून देईल, मग १९६५ ची निवडणूक होईल आणि आपण राष्ट्राध्यक्ष होऊ, असा त्यांचा हिशोब होता. पण ती निवडणूक झालीच नाही. डिसेंबर १९६८ मध्ये लष्करी सरकारने संसद बंद केली आणि लासेर्दांनाच अटक करून त्यांचे राजकीय हक्क काढून घेतले. ज्यांनी छडी मागितली, त्यांच्याच पाठीवर ती बसली.

शिकलेलं लष्कर सुरक्षितच असतं का?

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सॅम्युअल हंटिंग्टन या प्रसिद्ध अभ्यासकाने १९५७ मध्ये असं मांडलं होतं की लष्कर जितकं व्यावसायिक, जितकं आपल्या कामात मुरलेलं, तितकं ते राजकारणापासून दूर राहील. ऐकायला पटतं. सैनिकाने सैनिकाचं काम करावं, पुढाऱ्याने पुढाऱ्याचं.

स्टेपन म्हणाले, थांबा. लष्कर कशात व्यावसायिक होतंय ते आधी बघा. ब्राझीलमध्ये १९४९ साली उच्च युद्ध महाविद्यालय सुरू झालं. तिथे लष्करी अधिकाऱ्यांसोबत मुलकी लोकही शिकत. विषय फक्त युद्धाचे नव्हते. महागाई, शेती, बँका, निवडणुका, शिक्षण हे सगळं 'राष्ट्रीय सुरक्षा आणि विकास' या नावाखाली शिकवलं जाई. शत्रू सीमेपलीकडे नसून देशाच्या आतच आहे, असं एकदा ठरलं की सैनिकाच्या अभ्यासाला कुंपण राहत नाही. असे अधिकारी हळूहळू म्हणू लागतात, "देश चालवण्याचं शिक्षण आमच्याकडे आहे, मग पुढारी हवेत कशाला?" याला स्टेपन यांनी 'नवी व्यावसायिकता' असं नाव दिलं.

गंमत म्हणजे पेरूमध्येही अशीच लष्करी संस्था होती. तिथल्या लष्कराने १९६८ मध्ये सत्ता घेतली आणि मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या. ब्राझीलचं लष्कर उजवीकडे, पेरूचं डावीकडे. पण दोघांची वाट एकच होती. म्हणून "आपल्या विचारांचं लष्कर असेल तर चालेल" हा युक्तिवाद फसवा आहे, हे नीट लक्षात ठेवा.

लष्कर परत गेल्यावर काम संपतं का?

१९८० च्या दशकात लॅटिन अमेरिकेत लष्करी राजवटी एकेक करून गेल्या. १९८३ मध्ये अर्जेंटिना लोकशाहीत परतला आणि १९८५ मध्ये तिथे माजी लष्करशहांवर खटले चालले. ब्राझीलमध्येही १९८५ मध्ये मुलकी राष्ट्राध्यक्ष आले, पण लष्कराचे बरेच खास अधिकार तसेच राहिले. १९८८ च्या पुस्तकात स्टेपन यांनी मोजमापासाठी दोन साधे प्रश्न दिले :

१) लष्कर सरकारच्या निर्णयांना किती विरोध करतं?
२) लष्कराकडे किती खास अधिकार शिल्लक आहेत? (उदा. मंत्रिमंडळात जागा, गुप्तहेर यंत्रणेवर ताबा, अंदाजपत्रकावर संसदेची देखरेख नसणे)

फक्त पहिला प्रश्न विचारला तर फसगत होते. लष्कर शांत दिसतं, कारण त्याला हवं ते आधीच मिळालेलं असतं! यावर स्टेपन यांचा उपाय साधा, पण कष्टाचा आहे. संसदेत संरक्षणाचा अभ्यास असलेले लोकप्रतिनिधी हवेत. विद्यापीठांत, वर्तमानपत्रांत हा विषय जाणणारे मुलकी लोक हवेत. ज्याला विषयच कळत नाही, तो देखरेख काय करणार?

लोकशाही पक्की कधी म्हणायची?

१९९६ मध्ये हुआन लिंझ यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी याचं उत्तर दिलं. देशात कितीही मोठं संकट आलं तरी सत्तेसाठी लोकशाही सोडून दुसरा डाव खेळण्याचा विचार कोणताही मोठा गट करत नाही, बहुसंख्य लोकांनाही दुसरा मार्ग नको असतो आणि भांडणं कायद्यानेच सुटतात, तेव्हा लोकशाही पक्की झाली असं समजावं. नुसती निवडणूक झाली म्हणजे झालं, असं नाही.

भारताकडे येताना

लिंझ आणि योगेंद्र यादव यांच्यासोबत स्टेपन यांनी २०११ मध्ये भारतावर आणि इतर बहुभाषिक लोकशाहींवर पुस्तक लिहिलं. त्यात भारतातील आणि श्रीलंकेतील तमिळ लोकांची तुलना आहे. श्रीलंकेने १९५६ मध्ये फक्त सिंहली ही राजभाषा केली. पुढे १९८३ ते २००९ असं दीर्घ यादवी युद्ध झालं. भारताने तमिळ ओळखीला जागा दिली, इंग्रजीचा वापर चालू ठेवला आणि वेगळेपणाची मागणी मावळली. माणूस एकाच वेळी पक्का तमिळ आणि पक्का भारतीय असू शकतो. आपण मराठी माणसं हे रोजच जगतो, म्हणून त्याची किंमत चटकन लक्षात येत नाही.

हे लष्कराच्या विषयापासून दूर वाटेल, पण तसं नाही. जिथे आपल्याच लोकांना शत्रू ठरवलं जातं, तिथे रस्त्यावर बंदूक येते. ब्राझीलनेही तेच शिकवलं होतं.

आल्फ्रेड स्टेपन २०१७ साली वारले. येल, कोलंबिया, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी त्यांनी शिकवलं, पण त्यांची खरी शिकवण एका वाक्यात मावते. सैनिकाची शिस्त जितकी महत्त्वाची, तितकाच नागरिकांचा संयम महत्त्वाचा. "या पुढाऱ्यांपेक्षा लष्कर बरं" असं चहाच्या टपरीवर आपण सहज बोलून जातो. पुढच्या वेळी बोलण्याआधी लासेर्दा आठवा.

स्वाध्याय

१) 'मध्यस्थ नमुना' म्हणजे काय? ब्राझीलच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२) हंटिंग्टन आणि स्टेपन यांच्या विचारांतील फरक सांगा.
३) लष्कर शांत असणे आणि लष्कर नियंत्रणात असणे यात फरक काय?
४) विचार करा : तुमच्या घरात, गावात, वर्गात 'छडी' कोण मागतं आणि कधी?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पाठात सापडणार नाही. ते ज्याचं त्यानेच शोधायचं आहे.