खेळ थांबल्यावर उरणारा ठसा

प्रश्न : टेट्रिस, डार्क सोल्स आणि जर्नी हे व्हिडिओ गेम एकाच खेळाडूच्या मनावर इतके भिन्न ठसे का उमटवतात?

उत्तर : व्हिडिओ गेमचा ठसा चित्रांपेक्षा किंवा कथेपेक्षाही त्याच्या यंत्रणेवर, म्हणजे खेळाडूला वारंवार करावी लागणारी कृती आणि चुकल्यास होणारे नुकसान यांच्या नियमांवर, अधिक अवलंबून असतो. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे निर्माण केलेल्या टेट्रिसमध्ये कथा मुळीच नाही; परंतु चार चौकोनांचे सात आकार वरून पडत राहतात आणि निर्णयाचा अवधी आखडत जातो, त्यामुळे दीर्घकाळ खेळणाऱ्यास डोळे मिटल्यावरही ते आकार दिसू लागतात. यालाच ‘टेट्रिस परिणाम’ म्हणतात. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००० मधील संशोधनात, हा खेळ खेळल्याचेच न आठवणाऱ्या काही स्मृतिभ्रंशग्रस्तांनाही झोप लागताना असे आकार दिसल्याचे आढळले, ही बाब खरोखर विस्मयकारक आहे.

डार्क सोल्समध्ये (२०११) मृत्यूनंतर जमवलेली संपत्ती मृत्युस्थळीच राहते आणि तिथवर पोहोचण्याआधी पुन्हा मृत्यू आल्यास कायमची नष्ट होते. साहजिकच ओळखीची वाटही धास्तीची ठरते. याउलट जर्नीमध्ये (२०१२) वाळवंटात भेटणाऱ्या अनोळखी सहप्रवाशाशी केवळ सुरेल हाकेनेच संवाद साधता येतो, त्याचे नावही शेवटपर्यंत कळत नाही आणि परस्परांना इजा करण्याचा मार्गच नसल्याने सोबत हीच दोघांमधील मुख्य कृती उरते. म्हणूनच या तिघांत जर्नीचा ठसा सर्वांत हळवा मानावा लागतो.