विहिरी खोदणारा दत्तू भोकनळ

आपल्या पातूरच्या आसपास उन्हाळ्यात कुठे ना कुठे विहिरीचं काम चाललेलं तुम्ही पाहिलं असेल. आधी माती, मग मुरूम, मग खडक. पाणी लागेल की नाही, याची खात्री कोणालाच नसते. अशाच कामावर हात तयार झालेला एक मुलगा पुढे नाव वल्हवत ऑलिम्पिकला गेला. त्याचं नाव दत्तू बबन भोकनळ.

त्याचं गाव नाशिक जिल्ह्यातलं तळेगाव रोही, चांदवड तालुका. दुष्काळी भाग. वडील विहिरी खोदायचे आणि दत्तूही त्यांच्यासोबत राबायचा. 2011 मध्ये वडील गेले आणि घराचा भार त्याच्यावर आला. 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला. नाव वल्हवणं त्याने शिकलं ते पुण्यात, सैन्याच्या केंद्रात. गंमत म्हणजे त्याला सुरुवातीला पाण्याची भीतीच वाटायची!

आता हा खेळ समजून घ्या. शर्यत 2000 मीटरची. खेळाडू शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतो, म्हणजे पोहोचायचं कुठे ते त्याला समोर दिसत नाही. बैठक पुढे-मागे सरकते. पाहणाऱ्याला वाटतं सगळं काम दंडाचं आहे, पण खरा जोर पायांचा आणि कमरेचा. दत्तूच्या प्रकारात नावेत माणूस एकच आणि वल्ही दोन. थकलात तर आधाराला दुसरं कोणी नाही.

2015 मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. 2016 च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातल्या पात्रता फेरीत तो दुसरा आला आणि रिओ ऑलिम्पिकचं दार उघडलं. तेव्हा घरी आई गंभीर आजारी होती. रिओत तो भारताचा एकटाच नौकानयनपटू. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या तिघांनाच पुढे जाता येणार होतं, हा चौथा आला. शेवटी 6 मिनिटे 54.96 सेकंदांची वेळ देऊन त्याने एकूण तेरावा क्रमांक मिळवला. वर्तमानपत्रात तेरावा क्रमांक छोटा दिसतो. पण वल्हं हातात घेऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती, हे मोजा.

यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2018 च्या आशियाई खेळांत, इंडोनेशियातल्या पालेमबांगला, एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू शेवटचा आला. अंगात ताप होता. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, त्याला चौघांच्या नावेत बसायचं होतं. सोबत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकाचाही ताल चुकला तर नाव अडखळते आणि बाकी तिघांची मेहनत वाया जाते. त्या दिवशी भारताची नाव 6 मिनिटे 17.13 सेकंदांत आली. सुवर्णपदक! यजमान इंडोनेशिया तीन सेकंदांनी मागे राहिला.

पण आदल्या दिवसाची एकेरीची शर्यत त्याच्या मागे लागली. त्याने ती अर्ध्यावर सोडली, असा आरोप ठेवून नौकानयन महासंघाने 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. तापातून उठून देशाला सुवर्ण देणाऱ्या खेळाडूला एवढी शिक्षा जड होती, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं, वर्गात बोलू. 2020 च्या जानेवारीत बंदी मागे घेण्यात आली आणि त्याच वर्षी दत्तूला अर्जुन पुरस्कार मिळाला.