वाळवंटाची शिल्लक

अरबस्तानच्या दक्षिणेस पसरलेल्या विस्तीर्ण वाळवंटास अरबी भाषेत 'अर्-रुब्अ अल्-खाली', म्हणजे 'रिकामा चतुर्थांश', असे म्हणतात. नाव ऐकून तेथे काहीच नसावे असे वाटते. परंतु वाळवंटातील वनस्पतींची संपत्ती सहजी दृष्टीस पडत नाही. ती मुळांत आणि पानांच्या गरात जपलेली असते. अल्लाहच्या निर्मितीतील ही व्यवस्था समजण्यासाठी दोन वनस्पती पाहू.

पहिली 'ग़ाफ'. हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष होय. राजस्थानची खेजडी आणि आपल्याकडील शमी हाच वृक्ष. वर्षाकाठी 100 मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशातही तो ऐन उन्हाळ्यात हिरवा दिसतो, कारण त्याची मुळे 30 मीटरहूनही खोल जाऊन ओलावा शोधतात. पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवितात. त्याच कार्बनपासून खोड व मुळे घडतात. अशा रीतीने हवेतील कार्बन जमिनीखाली जाऊन राहतो. कोरड्या मातीत कुजण्याची क्रियाही मंद असते.

दुसरी कोरफड, जी आपल्या अंगणातही असते. तिचे मूळ घर अरबी द्वीपकल्प. हवा आत घेण्यासाठी पानांची रंध्रे उघडावीत, तर उन्हात पाणी उडून जाते. म्हणून ती रंध्रे रात्री उघडते, कार्बन आम्लाच्या रूपात साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून सूर्यप्रकाशात त्याची साखर करते. वाचविलेले पाणी गरात राहते.

वाळवंटातील कार्बनचा साठा एकरी पाहता घनदाट जंगलाहून कमीच. परंतु पृथ्वीच्या भूभागापैकी सुमारे 40 टक्के भाग शुष्क व अर्धशुष्क असल्याने एकूण साठा नगण्य नाही. मात्र तो फार सावकाश जमतो. लाकूड जाळले की वर्षानुवर्षांचा कार्बन काही घटकांत हवेत परततो. बेसुमार भूजल उपसा आणि उंट-शेळ्यांची अमर्याद चराई यांमुळेही ही झाडे संकटात येतात. त्यांच्या जागी कोणतेही झाड लावून भागत नाही. अमेरिका खंडातून आणलेली वेडी बाभूळ अरबस्तानात पसरून ग़ाफचीच जागा बळकावू लागली आहे. म्हणून नवे लावण्याआधी उभे आहे ते राखणे अगत्याचे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेचा परिसर हरम ठरवून तेथील झाडे तोडण्यास मनाई केली होती. ज्या भूमीत एकेक झाड दुर्मीळ, तेथील हा आदेश आहे. वाचकहो, झाड आणि पाणी आपल्या हाती अमानत आहेत. वाळूतील कोरफड थेंबाचा हिशेब ठेवते. मग वुज़ू करताना नळ वाहता ठेवणाऱ्या आपल्या हातांनी तो का ठेवू नये?