धावते पाणी, चालती पावले आणि दहा गुंठे

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला टाक्यांचे दहा डबे होते आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. आता कागद-पेन्सिल घ्या व माझ्याबरोबर एक हिशेब करा.

लातूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, बालाघाटच्या डोंगररांगेत जळकोट तालुका आहे. तिथल्या एखाद्या माळावर दहा गुंठे जमीन आहे असे समजा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१० चौरस मीटर. पाऊस वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटर धरू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की तो बरोबर एक लिटर भरतो. करा गुणाकार! उत्तर येते आठ लाख लिटरांहून थोडे अधिक. पाऊस निम्माच झाला तरी चार लाख लिटर होतात. म्हणजे चांगल्या वर्षी या एवढ्याशा तुकड्यावर त्या गाडीपेक्षा जास्त पाणी आकाशातून पडते. मग उन्हाळ्यात तिथे घागरीसाठी वणवण का?

कारण पाणी येते, पण थांबत नाही. ते कसे थांबवावे, हे ज्यांनी आपल्या रोजच्या जगण्याचाच भाग केले, अशा माणसांच्या वस्त्यांची ओळख आज करून घेऊ.

कायमची शेती

१९७८ साली ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ ही कल्पना एका पुस्तकातून मांडली. याचा साधा अर्थ ‘कायम टिकणारी शेती’. घर, झाडे, जनावरे, पाणी आणि माणसे यांची मांडणी अशी करायची, की एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या उपयोगी पडावा.

जळकोटहून उदगीर, बीदर असे दक्षिणेकडे गेले, की पुढे तेलंगणात जहीराबाद लागते. त्याच्या जवळ नरसन्ना व पद्मा कोप्पुला या दांपत्याच्या ‘अरण्य’ संस्थेने उजाड जमिनीवर फळझाडांचे व रानझाडांचे जंगल वाढवले आहे. २०१७ साली पर्माकल्चरची आंतरराष्ट्रीय परिषद भारतात झाली, तेव्हा जगभरची माणसे ते पाहायला आली होती. आपल्या महाराष्ट्रात गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून हाच विचार स्वतंत्रपणे रुजवला. दहा गुंठ्यांत काय काय होऊ शकते, हे शेतकऱ्याने स्वतः मोजून पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. आपणही मोजूनच पुढे जाऊ.

पहिला हिशेब : पाण्याचा

माळाच्या उतारावरून पाणी धावत सुटले, की ते माती घेऊन जाते. किती? पाण्याचा दगडावर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय दगडाची जेवढी बाजू पाण्यासमोर येते तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातही वाढतो. दगडाचे वजन मात्र घनफळाच्या प्रमाणात वाढते. आता पाण्याचा वेग दुप्पट झाला आणि दगडाची रुंदी चौपट घेतली, तर जोर ४ × १६ = ६४ पट, आणि वजनही ४ × ४ × ४ = ६४ पट! याचा अर्थ असा, की वेग नुसता दुप्पट झाला तरी पाणी ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकते. हे गणित उलट वाचा. वेग निम्मा केला, तर पाण्याची वाहून नेण्याची ताकद एका झटक्यात चौसष्टावा हिस्सा उरते. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला लावा, असे पाणलोटाचे काम करणारे म्हणतात, त्यामागचे विज्ञान हेच.

म्हणून अशा वस्तीवर पहिले काम असते उताराला आडवे, समपातळीत चर खणण्याचे. समजा, एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस झाला. दहा गुंठ्यांवर सुमारे ५०,००० लिटर पाणी पडले, आणि त्यातले ४० टक्के, म्हणजे २०,००० लिटर, वाहू लागले. अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल व ३० मीटर लांब अशा एका चरात ७,५०० लिटर मावते. असे तीन चर असले, की ती सर जागच्या जागी अडते.

पण एक सावधगिरी हवी. मुरमाड माळावर पाणी लवकर मुरते, काळ्या चिकण जमिनीत ते तुंबून पिकाची मुळे कुजवते. तिथे जादा पाण्याला सांडवा ठेवावाच लागतो.

दुसरा हिशेब : ओलीचा

मुरलेले पाणी ऊन पळवते. एप्रिल महिन्यात एका चौरस मीटरवर दिवसाला २० मेगाज्यूलांहून अधिक सौर ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. ही सगळी ऊर्जा त्याच कामी लागली, तर दिवसात आठ लिटर पाणी उडेल! म्हणून इथे पालापाचोळा जाळत नाहीत. तुरीची तुराटी, उसाचे पाचट, गवत, सुकी पाने, जे हाती येईल ते झाडांच्या बुंध्याशी पसरतात. या आच्छादनामुळे ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि वाराही ओल ओढून नेत नाही. कालांतराने तेच कुजून खत होते.

तिसरा हिशेब : पावलांचा

आता अशा वस्तीवरचा दिवस पाहा. सकाळी गोठ्यातले शेण निघते, कोंबड्यांना दाणे पडतात, अंडी गोळा होतात. स्वयंपाकघराचे सांडपाणी अळू आणि केळीच्या आळ्यात जाते. कुणी खताचा ढीग वरखाली करतो. जिवाणूंच्या कामामुळे तो आतून चटका बसण्याइतका तापलेला असतो. ऊन चढले, की सावलीतली कामे : बियाणे निवडणे, ते राखेत घोळून ठेवणे. संध्याकाळी पाणी देणे. कामे रोज तीच. मग कष्ट कमी कसे करायचे?

इथे मांडणीचे गणित येते. कोंबड्यांचे खुराडे घरापासून ८० मीटरवर आहे आणि तिथे दिवसातून तीनदा जावे लागते, असे समजा. रोजची चाल ४८० मीटर, वर्षाची १७५ किलोमीटर! तेच खुराडे १० मीटरवर आणले, तर वर्षाची चाल होते फक्त २२ किलोमीटर. म्हणून ज्याच्याकडे वारंवार जावे लागते ते घराजवळ, आणि ज्याच्याकडे वर्षातून चार-दोनदा जायचे ते दूर, असा नियम पाळतात. कोथिंबीर, मिरची दाराशी. शेवगा, पपई जरा पुढे. ज्वारी-तुरीचे रान त्यापलीकडे. आणि सरपणाची, कडुनिंबाची झाडे बांधावर.

अर्थात, ही जादू नव्हे. चर खणायला पहिली दोन-तीन वर्षे घाम गाळावा लागतो, आणि दहा गुंठ्यांत कुटुंबाचा सगळा दाणागोटा पिकत नाही. पाऊसच आला नाही, तर कोणताही चर भरत नाही. पण आलेला पाऊस हातचा जाऊ द्यायचा की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

करून पाहा

१. तीन काठ्यांची, इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट बांधा. टोकाला दोरीने दगड लोंबकळत ठेवा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागांवर चौकट ठेवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी खूण करा. दोरी या मधल्या खुणेवर आली, की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत. हिच्या साहाय्याने शाळेच्या मैदानावर समपातळी रेषा आखा.

२. दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती व सारखे पाणी घाला. एकीवर चार बोटे पाचोळा पसरा. दोन्ही उन्हात ठेवून आठवडाभर रोज वजन करा व आलेख काढा.

३. तुमच्या शाळेच्या छताचे क्षेत्रफळ मोजा. गावच्या सरासरी पावसात त्यावर किती लिटर पाणी पडते? आणि ते सध्या कुठे जाते?