हडकुळे मांजर

बीडला बिंदुसरेच्या काठी आमचे घर आहे. घरात एक मांजर आले. वाटीभर दूध पिई, तरी त्याच्या बरगड्या मोजता येत. दादी म्हणे, "आणखी दूध घाल." दूध वाढले, तसे जुलाबही वाढले! मोठे मांजर ३-४ किलोचे असते. आमचे २ किलोही भरेना.

अब्बांनी त्याला टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "पोटात जंत झालेत. शिवाय पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही. मांजर मांसाहारी आहे." त्यांनी जंताचे औषध दिले.

मग अम्मी हाडे काढून उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे, दिवसातून चारदा देऊ लागली. मीठ, कांदा, लसूण मुळीच नाही. दर शुक्रवारी मी त्याला किराणा दुकानातल्या काट्यावर बसवी. पाचव्या शुक्रवारी काटा पाव किलोने पुढे सरकला.